मागं कोण हाय

दिशानं टोरांटोहून फोनवर तीनदा बजावलं होतं, "आप्पा, मधल्या विमानतळावर तुमच्या नावाची चाकाची खुर्ची येईल. गुमान बसायचं."

"मी काय पांगळा हाय व्हय? काष्टीचा बैलबाजार अजून पायी फिरतो."

"दोन विमानांत सव्वा तास आहे फक्त. ते चुकलं तर पुढचं दुसऱ्या दिवशी. मग नातीचं बारसं तुमच्याशिवाय!"

आणि मुंबईचं विमान नेमकं अर्धा तास उशिरा टेकलं. बसून बसून गोरक्षचे पाय असे सुजले की वहाणा चढेनात. त्या हातात घेऊन तो उतरला. दाराशी त्याच्या नावाची पाटी आणि खुर्ची घेऊन एक नेपाळी बाई उभी होती, चाळिशीची.

"बैठो बाबा. गेट दूर है."

गोरक्ष बसेना. बायकोच्या, पुष्पावतीच्या, शेवटच्या पाच महिन्यांत दवाखान्यात त्यानं अशीच खुर्ची ढकलली होती. तिच्या जागी बसायचं म्हणजे त्याला कसंसंच झालं. तो अनवाणीच बाजूनं चालू लागला. शंभर पावलांत पाय ठणकायला लागले.

"बाबा, प्लेन जाएगा," बाई म्हणाली.

त्याला नात आठवली. तो बसला.

बसल्यावर सगळं वेगळंच दिसायला लागलं. माणसांची तोंडं दिसेनात. कमरेचे पट्टे आणि बॅगा तेवढ्या दिसत. लहान पोरं मात्र थेट डोळ्यांत बघत. फरशी आपोआप सरकत होती, तिच्यावर माणसं उभ्या उभ्याच पुढं जात होती. गोरक्ष मान फिरवून सगळं बघत राहिला. एकच गोष्ट दिसत नव्हती, ढकलणारं माणूस. वळण आलं की तो मागं बघे. तिसऱ्यांदा मान मागं वळवली आणि ती तशीच राहिली.

पुष्पावती अशीच वळायची. "अहो, हाय ना तुमी?"

"हाय की! खुर्ची काय आपोआप चाललीय?" तो खेकसायचा. आजारानं भित्री झाली, असं त्याला वाटायचं. मग मुकाट्यानं ढकलत राहायचा. नुसतं काहीबाही बोलत राहिला असता तरी तिला मान वळवावी लागली नसती.

"बाई, कुछ बोलते रहो," तो म्हणाला.

"क्या बोलूँ?"

"कुछ भी. घर का, खेती का."

ती हसली आणि सांगू लागली. डोंगरातलं घर, मका, सासूची खोडकर बकरी. "हमारे यहाँ भी एक थी, सब के कपडे खाती थी," गोरक्ष म्हणाला. त्यानंतर त्यानं एकदाही मागं पाहिलं नाही.

गेटाशी पोचले तेव्हा दार बंद व्हायला चार मिनिटं होती. तो उठला, वहाणा काखेत मारल्या. आत जाता जाता थबकला.

"अब किसको लेने जाओगी?"

"दूसरा बाबा है. केरलवाला."

"उससे भी बोलते रहना," गोरक्ष म्हणाला. "वो पूछेगा नहीं. तो भी बोलना."