लळिंगच्या चढावर

भूमिका मेहरूण तलावाच्या काठाने पळायची तेव्हा तलाव पुरता जागा झालेला नसायचा. पाण्यावर धुकं साचलेलं असायचं आणि पलीकडच्या काठावरची झाडं नुसती सावल्यांसारखी दिसायची. स्वतःच्याच पावलांचा आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटायचा. घरी परतली की मात्र सगळं एकदम खरं व्हायचं. दहा महिन्यांची ऋतिका हात पसरून रडत असायची. भूमिका घामेजल्या कपड्यांतच तिला छातीशी धरायची आणि सासूबाई, शेवंताबाई, स्वयंपाकघरातून ओरडायच्या, "आधी पानी पी, मंग पोरगीले पाज!"

लग्नाआधी ती विद्यापीठाकडून पळायची, जिंकायचीही. आता पुन्हा पळावंसं वाटत होतं, ते तब्येतीसाठी नव्हे. तिला जिंकायचं होतं. ही गोष्ट तिने फक्त नवऱ्याला, हितेंद्रला सांगितली होती. आई झालेल्या बाईने असली हाव बोलून दाखवायची म्हणजे तिलाच थोडं चोरट्यासारखं वाटायचं.

आणि दुसरी एक गोष्ट होती.

ऋतिका वेळेच्या फार आधी जन्मली. दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलेला तो एवढासा जीव, आणि भूमिकेला दूधच येईना. वरचं दूध त्या पोटाला झेपत नव्हतं. शेजारच्या खाटेवर ज्योती नावाची एक बाई होती, एरंडोलकडची. तिचं बाळ आदल्या दिवशी गेलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली असे आणि दुधाने तिचं लुगडं भिजत असे. एका दुपारी ती आपण होऊन उठली, सिस्टरकडून वाटी मागून घेतली आणि पदराआड बसली. भरलेली वाटी भूमिकेच्या हातात देऊन म्हणाली, "हाई वाया जाई ऱ्हायनं. तुनी पोरले पाज."

चार-पाच दिवस ती वाटी येत राहिली. मग भूमिकेला दूध आलं, आणि एका सकाळी पाहते तर शेजारची खाट रिकामी. नेमकं गाव कोणतं, आडनाव काय, काहीच विचारायचं राहून गेलं होतं. तेव्हापासून ती बाई भूमिकेच्या झोपेत यायची. काही बोलायची नाही, नुसती पाठमोरी उभी असायची.

त्याच दवाखान्यात आयांनी दिलेलं दूध साठवायची सोय व्हावी, अशा बाळांसाठी, हे भूमिकेच्या मनाने घेतलं. धुळ्याला हाफ मॅरेथॉन होणार होती. ती मी पळते, तुम्ही दुधाच्या खोलीला मदत करा, असं ती लोकांना सांगू लागली. हितेंद्रने तिचा मोबाइलवर व्हिडिओ काढला. त्यात तिने ज्योतीचं नाव घेतलं नाही. "एका आईने माझी मुलगी जगवली," एवढंच म्हणाली. तो व्हिडिओ गावोगावच्या ग्रुपवर फिरला. यावलकडच्या केळीवाल्यांनी दिलं, कॉलनीतल्या बायकांनी दिलं. मोठा अडसर होता फ्रीजचा. केळीचं कोल्ड स्टोरेज चालवणारे रतिलालभाऊ सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "थंडाव्याचं मला कळतं, पोरी. पहिली ये, फ्रीज माझा."

शर्यतीला आठवडा राहिला आणि ऋतिकाला ताप चढला. भूमिकेने बूट पलंगाखाली सारले. दिवसभर पोर खांद्यावर, आणि डोक्यात शर्यतीच्या वाटेवरचा लळिंगचा चढ. तिसऱ्या दिवशी ताप उतरला तेव्हा शेवंताबाईंनीच वाकून ते बूट बाहेर काढले, तिच्यासमोर ठेवले आणि ऋतिकाला काखेत घेतलं.

"जाय तू. पोरगीले मी पाह्यते."

"आई, आता जिंकणं काही होत नाही."

"मंग न जिंकता ये. पन जाय."

धुळ्यात पांझरेच्या काठाहून शर्यत सुटली. थंडी होती. गाडीत ऋतिकाला पाजून, तिला आजीच्या मांडीवर देऊन भूमिका उतरली, तेव्हा उजाडत होतं. गाव मागे पडलं, मोठा रस्ता लागला. समोर लळिंगचा किल्ला धुक्यात तरंगत होता, खाली काहीच आधार नसल्यासारखा. दोन वेण्या घातलेली कॉलेजातली एक मुलगी पुढे होती. चढ लागला तशी भूमिकेने तिला गाठलं आणि मागे टाकलं. मग पुढे कुणीच नव्हतं. श्वास आत, श्वास बाहेर. रस्ता आपला आपण पायाखालून वाहू लागला. ती पळत होती, पण कुठेतरी फार खोल, शांत पाण्यात असल्यासारखी.

तिथे, चढ संपायच्या जरा आधी, कडुनिंबाखाली ती बाई उभी होती. आज पाठमोरी नव्हती. हातात पिशवी, डोक्यावर पदर, आणि नजर सरळ भूमिकेवर.

स्वप्न पायांबरोबर रस्त्यावर उतरलं, असं भूमिकेला वाटलं. ती हसली आणि तशीच पुढे गेली.

वळसा घेऊन परतताना मात्र उन्हाची तिरीप डोळ्यांवर आली आणि तिला पिशवीवरचं दुकानाचं नाव आठवलं. स्वप्नातल्या बाईच्या हातात दुकानाची पिशवी कशी असेल? ती रस्त्याच्या त्या बाजूला पाहू लागली. मध्ये पळणाऱ्यांची गर्दी होती, झाड दिसलं, बाई दिसली नाही. पाहता पाहता वेग मंदावला. तेवढ्यात दोन वेण्या बाजूने सरकल्या. भूमिकेने जीव खाऊन पाठलाग केला, पण ती मुलगी वाऱ्यासारखी गेली. भूमिका दुसरी आली.

गळ्यात पदक पडलं, ऋतिका कडेवर आली. तिने रतिलालभाऊंना फोन लावला.

"दुसरी आले, भाऊ."

पलीकडे ते खाकरले. "पहिली म्हटलं होतं मी. मग फ्रीजचा अर्धा खर्च माझा. अर्ध्यासाठी अजून कुठं पळता आलं तर पाहा."

तिला हसूही आलं आणि रडूही. मग ती हितेंद्रकडे वळली. "अहो, गाडी काढा. लळिंगला जायचंय."

ज्योती कडुनिंबाच्या मुळावर बसली होती. पिशवीत मेथीचे लाडू होते. दिराच्या मोबाइलवर तिने व्हिडिओ पाहिला होता आणि पहाटेची एसटी धरून आली होती.

"हाक का नाही मारलीस ग?" भूमिकेने तिचे हात धरले.

"हाक मारती ते तू थांबी जाती," ज्योती म्हणाली. "म्हनीसन नही मारी."

तिने ऋतिकाकडे पाहिलं, पण हात पुढे केले नाहीत. शेवंताबाईंनीच पोर उचलून तिच्या मांडीवर ठेवली. ऋतिकाने तिचं डोरलं मुठीत पकडलं आणि तोंडात घातलं. ज्योती बराच वेळ मान खाली घालून बसली. रस्त्यावरून मागे राहिलेले धावणारे एकेक करून जात होते.

परतीच्या वाटेवर एरंडोल येतंच. तिला घरी सोडायचं ठरलं. पारोळा मागे पडल्यावर ती एकदम म्हणाली, "आठे थांबा." रस्त्यालगत तिच्या सासऱ्यांचं शेत होतं, दादर ज्वारी हातभर वाढलेली. बांधाशी एका लहानशा उंचवट्यावर तीन दगड रचलेले होते.

"मना पोऱ्या आठे शे," ज्योती म्हणाली. "नाव ठेवालेबी टाइम नही भेटना."

भूमिका तिच्या शेजारी मातीत बसली. गळ्यातलं पदक केव्हा काढून ठेवलं ते तिचं तिलाही कळलं नाही. दुपारचा वारा दादरीच्या पानांतून सळसळत गेला. ऋतिका ज्योतीच्या मांडीवरून घसरली आणि रांगत त्या दगडांपाशी गेली. तिने त्यांतल्या एकावर तळहात टेकला, चाचपडत उभी राहिली आणि दोघींकडे वळून हसली.

"उभी ऱ्हायनी व माय!" ज्योती ओरडली, आणि दोघी एकदमच तिला धरायला पुढे सरकल्या.