साखरेची काच

होल्गर लिनेगोर कॉफीत साखर घालत नसे. का, असं विचारलं की दर वेळी नवं कारण. एकदा म्हणाला, स्वीडनमध्ये एका अस्वलिणीने मला स्वतःच्या पंजाने साखर चारली, तेव्हापासून मन उडालं. एकदा म्हणाला, आमच्या घराण्यात साखर खाणारा पुरुष टकला होतो. त्याच्या डोक्यावर औषधाला केस नव्हता; पण होल्गरशी पुराव्यावरून वाद घालायचा नसतो, हे कोपनहेगनच्या त्या पश्चिम टोकाला शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

जन्मभर त्याने खिडक्यांना तावदानं बसवली. त्यातलं पहिलं दीड वर्ष करकोचा नावाच्या चित्रपट कंपनीत. मुक्या चित्रपटांचा तो जमाना. चित्रपट तेव्हा उन्हावर जगायचा, म्हणून कंपनीचं चित्रीकरणाचं घर छपरासकट काचेचं होतं. पुढे पहिल्या महायुद्धात कंपनी बुडाली, घर मोडलं, कागद जळले. आता, बासष्ट साली, तिथल्या इतिहास मंडळाला जाग आली आणि मंडळाची चिटणीस, शाळामास्तरीण बोदिल, वही घेऊन होल्गरच्या दारात उभी राहिली.

"काका, तिथं राबलेले तुम्हीच एक उरलात. जागा दाखवा, पाटी लावू."

होल्गरने तिला साबणाच्या कारखान्याच्या भिंतीपाशी नेलं. "हीच ती जागा. चित्रपटातली सिंहीण सुटली ती इथूनच. थेट राजवाड्याच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. आचारी म्हणाला, बाई, आज मासा आहे."

बोदिल हसत हसत लिहून घेत राहिली. सिंहिणीची थाप त्याने शंभरदा मारली होती. जागेची मात्र पहिल्यांदाच मारत होता, आणि ती त्याची त्यालाच काही केल्या गिळवेना.

खरी जागा तिथून चालत दहा मिनिटांवर. कंपनीच्या जमिनीचे तुकडे पाडून नगरपालिकेने लोकांना भाजीपाल्याच्या बागा करायला दिले होते. बरोबर काचघराच्या जागेवरचा तुकडा चिठ्ठीत निघाला तो आग्नेतेला. आग्नेते म्हणजे एके काळची करकोचा कंपनीची उगवती नायिका. तिच्या उजव्या हाताची तीन बोटं वळत नसत.

पाटी रविवारी लागणार होती. शनिवारी दुपारी आग्नेतेचं बोलावणं आलं. होल्गर गेला तेव्हा ती बागेतल्या खोपटापुढे कॉफीचं भांडं घेऊन बसली होती.

"या, इतिहासकार! माझे टोमॅटो साबणाच्या कारखान्यात वाढतात, हे मला पेपरात वाचून कळलं हो."

"अगं, ती बोदिल लहान पोर आहे. तिला जवळ पडेल अशी जागा सांगितली."

"पुरे. मला कळलंय तू असं का केलंस ते." ती एकदम मऊ झाली. "लोक इथं आले असते, हात बघून विचारलं असतं. मग मला सांगावं लागलं असतं, की माझाच उतावळेपणा. शिट्टी व्हायच्या आधी मी काचेवर हात मारला. तू ते झाकलंस. पन्नास वर्षांत तुझी ही एक थाप मला आवडली, होल्गर."

होल्गरने कप बशीत ठेवला.

झालं होतं ते असं. परदेशी प्रेक्षकांची कंपनीला फार काळजी. रशियात लोकांना रडल्याशिवाय पैसे फिटल्यासारखे वाटत नाहीत, असं मालकांचं ठाम मत होतं. म्हणून एकाच चित्रपटाचे दोन शेवट काढायचे, एक घरचा आणि एक रशियन. घरच्या शेवटात कोंडलेली आग्नेते खिडकीशी रडते आणि प्रियकर दार उघडतो. रशियन शेवटात तो येतच नाही. ती तावदान फोडून कालव्यात उडी घेते. पहिल्याला खरी काच, दुसऱ्याला साखर आटवून ओतलेली. मधल्या वेळात ती बदलायची, हे होल्गरचं काम. काच बदलली की दिग्दर्शक साहेब शिट्टी वाजवणार, आणि शिट्टीनंतरच आग्नेतेने हात मारायचा.

"आग्नेते, तू शिट्टीनंतरच हात मारलास," तो म्हणाला. "उशिराच मारलास, खरं तर. काच मी बदलली नव्हती."

"वेळ मिळाला नसेल तुला."

"वेळ होता. काच नव्हती. मी ती खाल्ली होती."

आग्नेते क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली आणि खो खो हसत सुटली. "काच खाल्ली! अस्वलिणीने चारली का रे? अरे, माझं ओझं उतरवायला किती खटाटोप करशील?"

हे मात्र होल्गरने गृहीत धरलं नव्हतं. आयुष्यभर थापा पचल्या, आणि खरं बोलायला तोंड उघडलं तर तेही थापेत जमा.

"कोपरा मोडला होता," तो खाली मान घालून म्हणाला. "तो खाल्ला. मग दुसरा कोपरा बरोबर दिसेना. मी सुतारांना गोष्ट सांगत होतो, आणि गोष्ट सांगताना माझ्या हाताला काहीतरी लागतं. म्हटलं, रशियन शेवट उद्या आहे, रात्री दुसरी ओतू. पण दुपारी ढग पांगले आणि साहेब ओरडला, ऊन आहे तोवर दोन्ही उरकून घ्या. साहेबाने विचारलं, बदलली? मी म्हटलं, हो. त्याची शिट्टी वाजेपर्यंत मला 'नाही' म्हणता आलं असतं. तेवढा वेळ होता."

आग्नेतेचं हसू अजून ओठांवर होतं. तिने सवयीने साखरेचं भांडं त्याच्याकडे सरकवलं. होल्गरने, चटका बसावा तसा, हात मागे घेतला.

तिने भांड्याकडे पाहिलं. मग त्याच्याकडे.

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

शेजारच्या बागेत कोणीतरी झारीने पाणी घालत होतं.

"चव कशी होती?" तिने विचारलं.

"खडीसाखरेची. जराशी करपलेली."

"मी पन्नास वर्षं डाव्या हाताने तिकिटं फाडली," ती सावकाश म्हणाली. "चित्रपटगृहाच्या दारात. आत दुसऱ्या बायका रडायच्या आणि मी स्वतःला म्हणायची, आग्नेते, जरा धीर धरला असतास तर. रोज म्हणायची. आणि तू दर नाताळला माझ्या घरी येऊन सिंहिणीची गोष्ट सांगत होतास, मेल्या."

"हो."

"ऊठ. कॉफी राहू दे."

रविवारी अकरा वाजता साबणाच्या कारखान्यापुढे तीसेक माणसं जमली. बोदिलने पाटीवरच्या फडक्याची दोरी होल्गरच्या हातात दिली. गर्दीच्या मागे आग्नेते उभी होती. हात कोटाच्या खिशात.

"इथं काही नव्हतं," होल्गर म्हणाला. "साबण होता, आणि साबणच आहे."

लोक हसले. "काका, सिंहीण!" कोणीतरी ओरडलं.

"सिंहीणही नव्हती."

लोक आणखी हसले. बोदिलचा चेहरा मात्र उतरला. होल्गरने दोरी तिच्या हातात परत दिली, तेवढ्यात आग्नेतेने उजवा हात खिशातून काढून वर धरला. हसणं पुढच्या रांगेपासून मागच्या रांगेपर्यंत विझत गेलं.

"चला माझ्यामागून," ती म्हणाली. "टोमॅटो तुडवू नका. आणि होल्गर, तू सगळ्यांच्या पुढे ये. माझ्याकडे बघत सांगायचंस, आणि रशियन शेवटच सांगायचास."

ती पुढे निघाली. होल्गरने टोपी काढली आणि तिच्यामागून चालू लागला. त्या दहा मिनिटांच्या वाटेत त्याला एकही गोष्ट सुचली नाही.