टाचेकडची कड

साल अठ्ठ्याण्णव. मार्चमध्ये घरामागच्या पडवीत काम सुरू झालं आणि ऑगस्टच्या तिसऱ्या रविवारी लाटांवर उभं राहायचा तो बोर्ड पुरा झाला. ताई तेव्हा चौतीस वर्षांची होती. शीतगृहांचे दरवाजे बनवणाऱ्या कारखान्यात ती कामाला होती आणि सुट्टीच्या दिवशी भाड्याचा बोर्ड घेऊन समुद्रात शिरायची. भाड्याच्या बोर्डांना ती वैतागली होती.

"या वर्षी तुझ्या मापाचा करू," धाकटा भाऊ म्हणाला. त्याला सगळे बारक्याच म्हणायचे, सहा फूट उंच असला तरी. होड्या दुरुस्त करणाऱ्या यार्डात तो फायबरचं काम करायचा.

आराखडा त्याचा. दोन्ही बाजू सारख्या नव्हत्या. पायांच्या बोटांकडची कड लांब नि सरळ, टाचेकडची आखूड नि वळलेली. टाचेवर भार देऊन वळणं अवघड, म्हणून तिकडे ही सोय. ताई उजवा पाय पुढे ठेवून, डाव्या बाजूला तोंड करून उभी राहायची, म्हणजे तिची टाच उजव्या कडेला.

गाभा थर्माकोलचा, वर-खाली पातळ लाकडी पापुद्रा. कडांना मात्र टणक फोम हवा. तो ताईने फोरमनला विचारून कारखान्यातून आणला, दरवाजे कापल्यावर उरलेल्या पट्ट्या. एकेक पट्टी वाकवायची, चिकटवायची, चिकटपट्टीने आवळून दिवसभर ठेवायची. एका कडेला असे चार थर. मग रंधा, मग पॉलिशपेपर. पांढरा भुगा तिच्या भुवयांवर बसायचा. आई म्हणायची, "आधी केस झटक, मग जेवायला बस. भातात फोम नको मला."

बोर्ड पालथा ठेवून काम चाललं होतं. तिसऱ्या थराच्या वेळी ताई थबकली. वळलेली कड तिच्या उजव्या हाताला होती.

"बारक्या, हा उताणा केला की ही कड डावीकडे जाईल रे."

"जाऊ दे की."

"माझी टाच उजवीकडे असते."

"ताई, हा तुझ्या कारखान्यातला दरवाजा नाही, डावा-उजवा करत बसायला. बोर्डाचं मागचं शेपूट कापताना सगळं जुळून येतं. आराखडा मी बघतो, तू पट्ट्या चिकटव."

जन्मभर दरवाजे करणाऱ्या बाईला डावं-उजवं कळत नाही? तिला हसू आलं. पण बारक्याने यार्डात पन्नास होड्या दुरुस्त केल्या होत्या. तिने चौथा थर लावला.

त्या रविवारी सकाळी त्यांनी बोर्ड अंगणात जुन्या गादीवर उताणा ठेवला. ताई अनवाणी त्यावर चढली. उजवा पाय पुढे. टाचा लांब, सरळ कडेवर आल्या. तिने डावा पाय पुढे घेऊन पाहिला. टाचा त्या वळणावर अशा बसल्या, जणू माप घेऊनच केलं होतं.

"बारक्या."

तो नळाखाली ब्रश धूत होता. त्याने मान वर केली नाही. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आई म्हणाली, "अरे, मालक दहाला येणार ना? चहा टाकू का?"

"कोणते मालक?" ताईने विचारलं.

आईने एकदा मुलाकडे पाहिलं नि आत गेली.

"यार्डाचे," बारक्या म्हणाला. "फोरमनची जागा रिकामी होतेय. त्यांना बोर्ड हवा होता, ते डावा पाय पुढे ठेवतात. तुला पुढच्या वर्षी करू."

"कधी ठरलं?"

"आराखड्याच्या आधी."

"आणि आईला?"

"तिला मीच सांगितलं, इतक्यात तुला बोलू नको म्हणून. तुझा हात बसलाय ना फोमवर. माझ्याच्याने त्या कडा झाल्या नसत्या."

ताई बोर्डवरून उतरली. तिला त्या तिसऱ्या थराची आठवण झाली. तो खोटं बोलला, हे तिने सोडलं असतं. पण तिला बरोबर दिसत असताना त्याने तिलाच अडाणी ठरवलं, आणि ती हसली होती.

मालक दहाला आले. बोर्डच्या कडेवरून हात फिरवत म्हणाले, "कडा फार सुरेख. कोणी केल्या?"

"मीच," बारक्या म्हणाला.

आईने चहाचा कप ताईच्या हाती दिला, मालकांना द्यायला. ताईने तो स्वतःच पिऊन टाकला.

बारक्या फोरमन झाला, पुढे त्याने स्वतःचं बोर्डांचं दुकान काढलं. कडांसाठी त्याने ताईला दोनदा बोलावणं धाडलं. ती गेली नाही. लग्नाकार्यात भेटते, त्याच्या मुलांना जवळ घेते, पण तो काय बनवतोय हे विचारत नाही. मालकांनी दोन हंगाम बोर्ड वापरला, मग त्यांची पाठ गेली.

आई शेवटची अकरा वर्षं ताईकडेच होती. एका दुपारी मटार सोलता सोलता म्हणाली, "तेव्हा मी बोलायला हवं होतं." ताई म्हणाली, "शेंगा इकडे सरकव," आणि अर्ध्या आपल्यापुढे ओढल्या.

त्या बोर्डानंतर पुढच्याच वर्षी ताईने एकटीने स्वतःचा बोर्ड केला होता. दोन्ही कडा अगदी सारख्या. सत्तावन्नाव्या वर्षापर्यंत ती त्यावर उभी राहिली.