चौऱ्याण्णवावा दिवस

पुढल्या वीस वर्षांत ऐंशी बेटांच्या या देशाने जगाला आपल्या घरी कसं बोलवायचं आणि घर न मोडता परत कसं पाठवायचं, हे ठरवण्याचा ऐतिहासिक दिवस वोलापेई गावात उजाडला, तेव्हा गावात खुर्च्या पाच होत्या आणि राजधानीहून आलेली माणसं सहा. सहाव्याला उपडी होडी मिळाली.

लेइमासला त्याचं काही वाटलं नाही. तिची काळजी वेगळी होती. तीन वर्षं खपून तिने उपसागराच्या काठावर दोन झोपड्या उभ्या केल्या होत्या. पानांचं छप्पर, बांबूच्या भिंती, दाराला शिंपल्यांची माळ, आणि आत चक्क मच्छरदाणी. गाव त्यांना झोपड्याच म्हणायचं. ती बंगले म्हणायची. सरकारच्या पर्यटन आराखड्यात बंगल्यांची नोंद झाली, तर बोटवाले परदेशी पाहुण्यांना इथे उतरवणार होते. नाही झाली, तर तिथे कोंबड्या अंडी घालणार होत्या. कोंबड्यांनी निकालाची वाट पाहिली नव्हती.

पाहुणे यायचे होते समुद्रगाय बघायला, आणि उपसागर तर बंद. लेइमासचे धाकटे मामा वारले, त्याच दिवशी थोरल्या मामांनी, म्हणजे गावच्या मुखियांनी, किनाऱ्यावर खांब रोवून त्यावर नामेलेच्या झाडाची दोन पानं फुलीसारखी बांधली. ही पानं लागली की शंभर दिवस पाण्यात पाय नाही, होडी नाही, गळ नाही. ज्याने बांधली त्यानेच ती सोडायची. आज चौऱ्याण्णवावा दिवस होता.

पानं आधी सोडा म्हणून आठवडाभर ती मामांच्या मागे लागली होती.

"मामा, सहा दिवसांचाच तर प्रश्न आहे."

"मग सहा दिवसांनी बोलव."

"सरकारी माणसं आहेत हो. ती त्यांच्या सोयीने येतात."

"तुझा धाकटा मामा काही त्यांच्या सोयीने मेला नाही," मामा म्हणाले आणि कणगर सोलत राहिले.

शेवटी त्यांनी एवढंच मान्य केलं की सभा किनाऱ्यावर भरवा. मात्र पानांकडे पाठ करून कुणी बसायचं नाही. गेलेल्या माणसाकडे पाठ फिरवत नसतात. त्यामुळे पाचही खुर्च्या समुद्राकडे तोंड करून मांडल्या गेल्या, आणि बंगले आले बरोबर पाठीमागे. लेइमासने मनाशी ठरवलं, जेवण झालं की एकेकाला आत नेऊन मच्छरदाणी दाखवायची. किसलेल्या कणगराचं लापलाप पानात गुंडाळून गरम दगडांवर ठेवलेलंच होतं.

कालोरान नावाचे नियोजन अधिकारी उभे राहिले. त्यांनी नकाशा उलगडला, वाऱ्याने तो पुन्हा गुंडाळला. मग ते नकाशाशिवायच बोलले, आणि पाऊण तास बोलले. या उपसागराला दिवसाला किती पर्यटक सोसतील, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. गावाचं मत काय, असं त्यांनी विचारलं.

"आज एकही नाही," मामा म्हणाले.

कालोरान पुढच्या मुद्द्याकडे वळले, आणि भरती चढू लागली.

आधी पाणी लांबवर नुसतं काळवंडलं. ढगाची सावली म्हणावी, तर आभाळात ढग नव्हता. मग त्या सावलीने श्वास सोडला.

एकटीदुकटी समुद्रगाय गावात सगळ्यांनी पाहिली होती. इंजिनाचा आवाज आला की बुडी मारून पसार होणारी. आज त्या अकरा होत्या. चौऱ्याण्णव दिवसांत पाण्याखालचं गवत पोटरीएवढं झालं होतं, आणि त्या ते चरत चरत, वाळू उडवत, पार पानांच्या खांबापर्यंत आल्या. एकीच्या बगलेला पिल्लू चिकटलेलं होतं. आई वर आली की तेही वर येई आणि दोघांचे श्वास एकापाठोपाठ ऐकू येत, एक मोठा, एक इवलासा. त्यांच्यामधून कासवं फिरत होती. लहान माशांचा थवा चांदीच्या पत्र्यासारखा वर उडाला आणि पुन्हा पाण्यात सांडला. गवत तुटल्याचा आवाजसुद्धा किनाऱ्यावर येत होता.

कालोरान वाक्याच्या मध्येच थांबले. ते वाक्य त्यांनी पुढे कधीच पुरं केलं नाही. होडीवरचा सहावा माणूस उठून उभा राहिला. मामांनी टोपी काढली.

लेइमास याच किनाऱ्यावर जन्मली होती. चव्वेचाळीस वर्षं ती या पाण्याकडे काही ना काही मागायलाच गेली होती. कुणीच काही मागत नसताना ते काय करतं, हे ती आज पहिल्यांदा बघत होती. तिला लापलाप आठवलं नाही. बंगले आठवले नाहीत. आपण रडतोय हेही तिला ओठावर खारट लागल्यावर कळलं.

किती वेळ गेला कोण जाणे. अखेर कालोराननी देवळात विचारावं तसं हळूच विचारलं, "यासाठी तुम्ही नेमकं काय केलंत?"

"भाऊ वारला," मामा म्हणाले.

कालोरानबरोबर आलेल्या रोझलिन नावाच्या मुलीने ते फॉर्मवर लिहून घेतलं.

मग रस्त्यावरून पिकअपचा हॉर्न वाजला. तीनचं विमान कुणासाठी थांबत नाही. सहाही जण पाण्यावरची नजर न काढता, खेकड्यासारखे आडवे चालत किनाऱ्याकिनाऱ्याने निघाले आणि तसेच गाडीत चढले. धुरळा खाली बसल्यावर लेइमासने मागे वळून बघितलं. बंगल्यांची दारं सताड उघडी होती आणि उंबऱ्यावर कोंबडी बसली होती.

आठ महिन्यांनी आराखडा छापून आला. वोलापेईला त्यात अख्खं पान होतं, रंगीत फोटोसकट. देशातली सर्वांत विलक्षण जागा, असं कालोराननी लिहिलं होतं. खाली तक्त्यात शेवटचा रकाना होता. निवासाची सोय: नाही.