वीणा खाली ठेवायची नसते

कोंडाजींनी गळ्यातली वीणा सावरली, तार छेडली आणि पुन्हा मंडपाच्या दाराकडे पाहिलं. वीणेचा पुढचा पहारा मिलिंदचा होता; पण मिलिंद टेम्पोतून गावची माणसं मतदान केंद्रावर सोडत होता आणि फोन उचलत नव्हता. हरिनाम सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नसते. एकाच्या गळ्यातून ती थेट दुसऱ्याच्या गळ्यात जाते.

नगरपालिकेचं मतदान संपायला थोडाच वेळ उरला होता. त्यांची बायको बकुळासुद्धा केव्हाच मत द्यायला गेली होती. बदलापूर गावानं देवळात नारळ ठेवून शब्द दिला होता: सगळी मतं कमलेशला. कमलेश कोंडाजींचा सख्खा पुतण्या. आणि आता चुलत्याचंच मत राहत होतं.

चपला काढून तेजल आत आली. गावाशेजारच्या नव्या टॉवरमधल्या एका घरची ही सून कीर्तनाला पुढे बसायला मिळावं म्हणून रोज लवकर यायची. बोटावरची शाई अजून ओली दिसत होती.

"काका, एकटेच? मत दिलंत?"

"देनार कसा? हिला कुठं ठेवू?"

"द्या माझ्याकडे. काल सकाळी वेणूबाईंनी धरली होती की."

कोंडाजी हसले. "तुमच्याच सोसायटीनं भोंग्याची तक्रार केली ना?"

"मी पण केली. भोंगा आमच्याकडे वळवा म्हणून. बुवा रंगात आले की नेमके शब्द उडून जातात."

कोंडाजींची तार क्षणभर चुकली. मग त्यांनी विचारलं, "मी कोनाला देनार, ठाव हाय ना तुला?"

"अख्ख्या बदलापूरला ठाऊक आहे."

"आनि तू?"

"नवऱ्यालाही नाही सांगितलं. पण कमलेशदादांना नाही दिलं, काका. खोटं कशाला बोलू?"

"मंग ठरवलंस कोनासंगं बसून?"

"कोणासंगं नाही. दोघंही उमेदवार आले होते मतं मागायला. दोघांना नळाच्या पाण्याचं विचारलं. दादांनी हात जोडले. दुसऱ्यानं उत्तर दिलं."

"एकटीनंच ठरवलंस?"

ओळखीच्या अभंगाला कुणी नवीच चाल लावावी, तसे ते तिच्याकडे बघत राहिले.

"आनि तरी मला सोडतेस? माझ्या मतानं तुझं मत फुकट जाईल."

"तुमचं मत तुम्ही द्यायला नको का?"

कोंडाजींनी वीणा उतरवून तिच्या गळ्यात घातली. रीतीप्रमाणे तिनं वाकून त्यांच्या पायांना हात लावला. रीतीप्रमाणेच तेही तिच्या पायांशी वाकले. तेजल कावरीबावरी झाली, पण नाम सुरू झालं. तिचा आवाज गोड होता.

चपला घालून ते चार पावलं गेले. थांबले. परत दाराशी आले.

"पोरी, काय दिलं उत्तर त्यानं?"

"काका, उशीर होईल तुम्हाला."

"म्हनून तर," कोंडाजी मंडपाच्या खांबाला टेकले, "थोडक्यात सांग."