पुढचे पॅड

गायत्री घाटापलीकडच्या पाड्यांवर नर्स होती. तळोद्याहून रोज सकाळी ती चांदसैलीचा घाट चढायची, दुपार कलली की उतरायची. गाडी तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली, पण तिची देखभाल नवरा, अजित, बघायचा. मागच्या रविवारी त्याने गाडी गॅरेजमधून आणली आणि किल्ली तिच्या हातात देत म्हणाला, "ब्रेकनं काम करी लिधं. आते काही चिंता नही."

आरोग्य खात्याच्या बैठकीच्या दिवशी पाड्यावरची आशा सेविका, कालीबाई, तिच्याबरोबर तळोद्याला निघाली. उतारावरच्या एका वळणावर अचानक बैल आडवा आला. गायत्रीने ब्रेक दाबला. पुढची चाकं धरीचनात, मागची मात्र एकदम जाम झाली आणि गाडीचा मागचा भाग दरीकडे फिरला. गाडी गर्रकन वळून डोंगराच्या अंगाला आदळली, म्हणून दोघी वाचल्या. कालीबाईचा हात मोडला. ती रडली नाही, नुसती आपल्या भाषेत देवाचं नाव घेत राहिली.

तिला दवाखान्यात पोचवून गायत्री गॅरेजवर आली तेव्हा मेकॅनिक नवलने गाडी ओढून आणून चाकं उघडली होती.

"मागे कंपनीचे ब्रेकपॅड आहेत आणि पुढे हे भलतेच, हलक्या बनावटीचे," तो म्हणाला. "गाडीचा सगळा भार पुढे येतो, आणि पुढचेच धरत नाहीत. मग ती फिरणारच."

"पण बसवले तुम्हीच ना?" गायत्रीचा आवाज चढला. "मी रोज घाटात जाते, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

नवलने मान खाली घातली. "मी नको म्हटलं होतं वहिनी. अजितभाऊंनी तुमच्या गाडीचे पुढचे काढायला लावले. उमाकांतभाऊंच्या गाडीला घातले."

उमाकांत तिचा दीर, ब्राह्मणपुरीला शेती करणारा. दोघा भावांनी एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची गाडी पसंत केली होती. तो बायकापोरांना घेऊन सप्तशृंगीच्या गडावर गेला होता, हे तिला माहीत होतं. जाताना तिनेच त्यांना फराळाचं बांधून दिलं होतं.

अजित घरी आला तेव्हा ती स्वयंपाकघरात उभी होती.

"तुले लागनं नही ना?" त्याने विचारलं.

"नवलनी सांगं माले."

तो खुर्चीवर बसला. मग म्हणाला, "उमाकांतना पॅड घसायेल व्हतात. दुकानमा कंपनीना नव्हतात. त्यानी गाडीमा धाकला पोऱ्या व्हतात, गायत्री. तू त्या रस्तानी रोज जास, तुले सवय शे."

"माले इचारं का नही?"

"तू नही म्हनती."

उमाकांतची पोरं तिच्याच मांडीवर वाढली होती. अजितने विचारलं असतं तर तिने स्वतः पॅड काढून दिले असते आणि पाड्यावर जीपने गेली असती. इतक्या वर्षांत एवढंही त्याला कळलं नव्हतं. की कळलं होतं, आणि विचारायची गरजच वाटली नव्हती? 'काही चिंता नही' म्हणताना तो हसलाही होता.

दुसऱ्या दिवशी तिने कपडे भरले आणि जीपने घाट चढून उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. कालीबाईला तिने सगळं खरं सांगितलं. कालीबाईने गळ्यात बांधलेल्या हाताकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "तुझ्या नवऱ्यानेच केलं का?"

पंधरवड्याने अजित दुरुस्त गाडी घेऊन वर आला. बायका लेकरं घेऊन लसीसाठी बसल्या होत्या. तो ओसरीत किल्ली धरून उभा राहिला. "आते चारी चाकंले कंपनीनाच शेतस. चाल घर."

"टेबलावर ठेवा," गायत्री म्हणाली आणि पुढच्या लेकराचा दंड पुसायला घेतला.

किल्ली ठेवून तो जीपची वाट बघत रस्त्यावर जाऊन बसला. ती बाहेर आली नाही. त्या दिवाळीला ब्राह्मणपुरीहून सासूबाईंचे फोनावर फोन आले, पण गायत्री पाड्यावरच राहिली.