पोटातलं एक काडतूस

मित्रांनो, जरा लांबच उभे राहा. मला हात लावायला घाबरू नका, असं मी म्हणणार नाही. घाबरलेलंच बरं. मी एक जुनी छऱ्याची बंदूक आहे. मस्कतच्या अझैबा भागात, एका कंपनीच्या गोदामातल्या लोखंडी कपाटात मी उभी असते. माझा बोल्ट, म्हणजे काडतुसामागे सरकत बसणारा लोखंडी तुकडा, काढून घेतला आहे. मी आता नुसती लाकूड आणि नळी. तरीसुद्धा कपाट उघडणारा माणूस माझ्या तोंडासमोरून बाजूला होतो. त्याचं बरोबरच आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. अक्रोडाचा दस्ता, निळसर काळी नळी. मला माझ्या रूपाचा ताठा होता, खोटं कशाला बोलू? १९९४ साली मी मस्कतच्याच रूवी भागातल्या एका दुकानात काउंटरवर पडले होते आणि माझ्या शेजारी एक जाडजूड दुनळी होती. तिच्याकडे मी ढुंकूनही पाहत नसे.

एके दिवशी हमूद अर्बाब बंदूक निवडायला आले. अर्बाब म्हणजे मालक. कंपनीही त्यांचीच आणि बरकाजवळचं शेतही. त्यांना दोन कामांना मिळून एकच बंदूक हवी होती. शुक्रवारी शेतावर मातीच्या चकत्या हवेत उडवून नेम धरायचा, आणि मोसमात बागेवर उतरणारी होले पाखरं टिपायची. सोबत त्यांचा स्टोअरकीपर मॅक्सिम होता. वसईचा माणूस. त्याचे वडील तिकडच्या खाजणात बदकं मारायला जात, त्यामुळे बंदुकीतलं त्याला कळत होतं.

“अर्बाब, दुनळी घ्या,” मॅक्सिम हिंदीत म्हणाला. “मधून मोडून हातावर टाकली की दहा पावलांवरून दिसतं, आत काही नाही. ही दुसरी पोटात ठेवणारी आहे.”

पोटात ठेवणारी म्हणे! मला असा राग आला. पण बोलणं खोटं नव्हतं. दुनळीची दोन काडतुसं डोळ्यांना दिसतात. माझ्यात मावतात तीन. एक नळीत, दोन खालच्या नळकांड्यात, सगळी माझ्या पोटात. एक बार झाला की पुढचं आपोआप वर चढतं, आणि बाहेरून काही कळत नाही.

अर्बाबांचा खांदा जुन्या अपघातामुळे दुखरा होता. माझा धक्का कमी बसतो. त्यांनी डोळे मिटून मला खांद्याला लावलं, मग डोळे उघडले, तर नजर थेट नळीवरून सरळ गेली, म्हणजे मी त्यांच्या मापाची होते. दुकानदाराने नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या कड्या दाखवल्या. मोकळी कडी लावली की छर्रे पसरतात, ती चकत्यांसाठी. घट्ट लावली की ते एकवटून लांब जातात, ती पाखरांसाठी. दोन्ही कामं मी करणार होते.

“खलास,” अर्बाब म्हणाले. म्हणजे ठरलं. हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

शेतावर अलीमियाँ राहत. रत्नागिरीकडचे, मॅक्सिमपेक्षा वयाने बरेच मोठे. कामाला होते खजुराच्या झाडांवर, पण जीव सगळा आंब्यात. त्या रेताड जमिनीत त्यांनी हापूसची सात कलमं जगवली होती. गावी जाऊन कलमांची रोपवाटिका घालायची, हे त्यांचं एकच बोलणं. कलम बांधताना त्यांचा उजवा अंगठा सालीवर इतका हलका टेकायचा की मॅक्सिम काम सोडून बघत बसे.

“बाकी कायपण जाव दे,” अलीमियाँ म्हणायचे. “ह्यो हात हाय तवर आपलं भागतंय.”

तो हात मी फार पाहिला, मित्रांनो. चकत्या फेकणाऱ्या यंत्राची दोरी तोच हात ओढायचा. मी त्यांना पहिल्या दिवसापासून आवडले नाही. “पोटात एक, ओठांत एक. तसली हाय ही,” ते म्हणाले होते. मॅक्सिम हसला. मी नाही हसले.

सात वर्षं माझी ऐट चालली. दोन चकत्या उडायच्या, दोन बार, दोन्हींचा चुरा. पाहुणे वाहवा करायचे. मॅक्सिम मला तेलाच्या फडक्याने पुसायचा.

आता एक सवय सांगते, ती नीट ऐका. शेवटचा बार झाला की माझा बोल्ट आपोआप उघडा राहतो. ती माझी खूण, की पोट रिकामं आहे. पण ओमानची बारीक वाळू उघड्या बंदुकीत शिरते. म्हणून अर्बाब लगेच कळ दाबून बोल्ट बंद करत. माझी खूण तिथेच पुसली जायची. मग ते “खलास” म्हणत आणि मला मॅक्सिमकडे देत. मॅक्सिम बोल्ट पुन्हा मागे ओढी, आत करंगळी घालून चाचपी, खालच्या पोटातही बोट घाली, आणि मग तोसुद्धा म्हणे, “खलास.” दर शुक्रवारी दोन खलास. दुसरा ऐकल्यावरच मला पिशवीत घालत.

मॅक्सिमची मुलगी जेनिफर कधीमधी शेतावर यायची. अल् घुब्राच्या इंडियन स्कूलमध्ये शिकणारी, मराठी अडखळत बोलणारी. एकदा तिने विचारलं, “पप्पा, अर्बाबचा खलास आणि तुझा खलास सेम आहे का?”

“सेमच गो बाय,” मॅक्सिम म्हणाला.

सेम नव्हता. अर्बाबांच्या खलासचा अर्थ होता, आजचा खेळ पुरे. मॅक्सिमच्या खलासचा अर्थ होता, आत काडतूस नाही. पोरीच्या कानाला जे कळलं ते दोघा मोठ्या माणसांना कळलं नाही. मला कळलं होतं. पण मला एकच आवाज काढता येतो.

२००१ च्या नोव्हेंबरातला तो शुक्रवार. चकत्या संपत आल्या होत्या, मॅक्सिम लांब खोकी गोळा करत होता. तेवढ्यात बागेवर होल्यांचा थवा आला. अर्बाबांनी घाईने मला तीन काडतुसं भरली. दोन बार झाले, पाखरं निघून गेली. तिसरं काडतूस नळीत चढून बसलं. इतक्यात मशिदीतून अजान ऐकू आली. जुम्म्याच्या नमाजाला उशीर होत होता.

“खलास,” अर्बाब म्हणाले आणि मला जवळ उभ्या असलेल्या अलीमियाँच्या हातात देऊन गाडीकडे वळले. सेफ्टीची कळ लावायची राहिली.

माझा बोल्ट बंद होता. तसा तो दर शुक्रवारी बंदच असे.

अलीमियाँनी मला मॅक्सिमकडे नेलं. त्याच्या दोन्ही हातांत खोकी. “ही घे. खलास हाय,” अलीमियाँ म्हणाले.

त्यांनी फक्त अर्बाबांचा शब्द पुढे पोचवला होता. पण मॅक्सिमने ऐकला तो दुसरा खलास, म्हणजे तपासून झाल्यानंतरचा. त्याला वाटलं, अलीभाईंनी बघितलं. “पिशवीत घाला आणि पिकअपमध्ये ठेवा अलीभाई, मी आलोच,” तो म्हणाला.

मी पोटात ते काडतूस घेऊन पिशवीत गेले. अंधारात मला कापडाचा आणि आतल्या सफाईच्या सळईचा स्पर्श कळत होता. सळई माझ्या चापाला टेकली होती. मी गाडीच्या फळीवर आडवी पडले. अलीमियाँना खोक्यासाठी जागा करायची होती. त्यांनी पिशवी स्वतःकडे ओढली. नळीच्या बाजूने. उजव्या हाताने.

त्या बाराला ना चकती होती, ना पाखरू.

हात मनगटाच्या वर कापावा लागला. इस्पितळात काय झालं ते मी पाहिलं नाही. मॅक्सिमने पुढे आपल्या बायकोला, आग्नेसला सांगितलं, तेव्हा मी त्याच गोदामात होते. अलीमियाँ शुद्धीवर आल्यावर रडले नाहीत, कुणाला दोष दिला नाही. त्यांनी एवढंच विचारलं, “मॅक्सिम, तू बोट घालून बगितलं हुतंस ना?”

मॅक्सिम त्यांच्या पांघरुणाची कड सारखी करत राहिला. अलीमियाँनी भिंतीकडे तोंड केलं. महिन्याभराने ते गावी गेले. पुढच्या उन्हाळ्यात सातांपैकी पाच कलमं जळाली, कारण पाणी घालणारा दुसरा होता.

अर्बाबांनी त्यानंतर बंदूक धरली नाही. माझा बोल्ट काढून वेगळ्या तिजोरीत गेला आणि मी या कपाटात आले. लोक म्हणतात, दोष बंदुकीचा नसतो. मला ते ऐकायला आवडतं, पण मी ते मानत नाही. माझं पोट झाकलेलं होतं, हे खरं आहे.

मित्रांनो, माझं एकच मागणं आहे. कुणी कितीही आपलं असो, मोठं असो, त्याच्या शब्दाला मान द्या. पण जिथे कुणाचा हात जायची भीती आहे तिथे स्वतः उघडून बघा. दुसऱ्याने बघितलं असेल, असं म्हणू नका.

२००७ मध्ये मॅक्सिम कायमचा वसईला निघाला. शेवटच्या दिवशी त्याने कपाट उघडलं, मला बाहेर काढलं. बोल्ट नाही, चाप बांधलेला, सहा वर्षांत काडतूस जवळ आलेलं नाही. तरी त्याने करंगळी आत घातली आणि चाचपून पाहिलं. मग खालच्या पोटात. मग परत वर. “खलास” तो म्हणाला नाही. त्याने मला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं, आणि पुन्हा कुलूप उघडून आणखी एकदा बोट घातलं.